बिभीषणच्या खांद्याचा मालक

बिभीषणचा हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही तर रेवणप्पाचे पंचवीस हजार रुपये वाचणार होते. गेला तरी त्याची हरकत नव्हती. तो बिभीषणच्या खर्चानं जावा, एवढंच त्याचं म्हणणं. फिजिओथेरपीवाल्या बाईनं तीन महिन्यांचा आकडा सांगितला होता, त्यात रिक्षाभाडं धरलं की पंचवीस. त्याच आठवड्यात रेवणप्पानं बंगल्याच्या फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवून घेतले होते आणि ते याहून महाग पडले होते. पण सिंह रस्त्यावरून दिसतात. कामगाराचा खांदा कोण बघायला येतंय.

रेवणप्पाची टॉवेलची शेड सोलापूरच्या भवानी पेठेत. एका पत्र्याखाली बत्तीस माग आणि दारावर पाट्या मात्र चार: रेवणप्पा टेक्स्टाइल, गौरम्मा टेक्स्टाइल, महांतेश टेक्स्टाइल, राजनंदिनी टेक्स्टाइल. म्हणजे स्वतः, बायको, मुलगा आणि सून. प्रत्येकाच्या नावावर आठ माग, वेगळा मीटर, वेगळं बँकखातं. आत ना भिंत ना पडदा. एका मालकाकडे दहा माणसं भरली की कामगार विमा लागू होतो, दर महिन्याला भरणा आला. शिवाय कारखाना लहान असला की वीज सवलतीत. ही युक्ती काही रेवणप्पानं शोधलेली नव्हती, पण लग्नाकार्यात तो ती आपलीच असल्यासारखी सांगायचा.

"सरकार माणसं मोजतंय की नाही? मोजू दे. आपण मालक वाढवायचे."

विमा असता तर बिभीषणची फिजिओथेरपी विम्यातून झाली असती आणि रेवणप्पाला त्याची खबरही लागली नसती. हा हिशेब त्याच्या डोक्यात आला नाही. वाचवलेले पैसे मोजण्यात एवढा वेळ जायचा, की इतर आकड्यांना तिथं जागा नसे.

बिभीषणच्या खांद्यावर बीम पडला होता. बीम म्हणजे मागाच्या पाठीमागचा, सुतानं गच्च भरलेला रूळ. तो चढवताना साखळी निसटली. साखळी बदला म्हणून माग दुरुस्त करणारा जॉबर उन्हाळ्यापासून सांगत होता. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, म्हणून रेवणप्पा दवाखान्यात सफरचंदं घेऊन गेला आणि कामगारांना घरच्यासारखं वागवतो असं शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दोनदा सांगून आला.

झोळीतला हात मोकळा झाला तसा बिभीषण बायकोला, बनाबाईला, घेऊन शेडवर आला.

"मालक, डाक्टर म्हनत्यात, व्यायाम आत्ताच सुरू कराय पायजे. न्हायतर हात हितंच आडकतो." त्यानं डाव्या हातानं उजवी काख दाखवली. "एकदा आडकला की मग किती बी करा, वर जात न्हाय."

"काय करतात बे तिथं नेमकं?"

"भिताडाला कप्पी हाय. दोरी सोडलीय. एका हातानं वढायची, दुसरा हात वर जातो. मग त्या म्याडम हात धरून हळूहळू वर नेत्यात. शेक देत्यात."

रेवणप्पा मनापासून हसला. "दोरी ओढायची आणि वर पैसे द्यायचे? इथं तर दोरी ओढायला मी तुला पगार देतो."

"देत हुता," बनाबाई म्हणाली. ती पलीकडच्या गल्लीतल्या शेडमध्ये सूत गुंडाळून कांड्या करायची आणि मालक लोकांशी बोलायची तिला भीती उरली नव्हती. "ह्यो पडल्यापास्नं हप्त्याचा पगार बंद हाय की. चार दिस व्यायामाचं पैसं मी भिशीतनं भरलं. आता भिशी बी संपली."

"बघतो. मी काय परका आहे का?"

आणि रेवणप्पानं खरोखरच बघितलं. त्यानं जॉबरला हाक मारली, भंगारातली एक कप्पी काढायला लावली आणि सोळा नंबरच्या मागाशेजारी पत्र्याखालच्या अँगलला ती टांगून घेतली. सुताच्या गठ्ठ्याची दोरी फुकटच होती. दोन दिवस बिभीषण तिथं उभा राहून सावकाश दोरी ओढत होता. तेवढ्या वेळात डाव्या हातानं शेजारच्या मागाचे तुटलेले धागे जोडायचे, असंही ठरलं. माणूस नुसता उभा राहिलेला रेवणप्पाला बघवत नसे. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, हे फार सावकाश चाललंय. त्या बाईचं ठीक आहे, तिला तीन महिने पुरवायचेत. आपल्याला कशाला? त्यानं दोरीच्या दुसऱ्या टोकाला दोन विटा बांधायला सांगितल्या.

"मालक, दुखतंय लई."

"दुखणारच की बे. गंज निघतोय."

खांद्यात काहीतरी कट्‌दिशी वाजलं. मागांच्या खडखडाटात ते बिभीषणशिवाय कोणाला ऐकू आलं नाही. तो खाली बसला आणि त्या दिवसानंतर त्याचा हात छातीच्या वर येईना.

फिजिओथेरपीवाल्या बाईनं खांदा बघितला आणि विटांची हकिकत ऐकली. मग म्हणाली, "आता रोज यावं लागेल. अजून थोडा येईल हात, पण उशीर केला तर तोही नाही." बनाबाई तिथून उठली ती सरळ युनियनच्या हापिसात गेली. आठवड्याभरात रेवणप्पाला कामगार कार्यालयाचं बोलावणं आलं: विमा नसेल तर कामावर झालेल्या इजेचा उपचार मालकानं करायचा, फिजिओथेरपीसकट, तर आपलं म्हणणं लेखी द्या.

रेवणप्पा कागद घेऊन आबासाहेबांकडे गेला. आबासाहेब त्याचे टॅक्सचे सल्लागार. अशिलाला जे ऐकायचं असेल ते कायद्यात शोधून देण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे.

"मागाचा नंबर कुठला?" त्यांनी विचारलं.

"चौदा."

"नऊ ते सोळा कुणाच्या नावावर?"

"सुनेच्या."

आबासाहेब खुर्चीत मागे रेलले. "मग तुमचा काय संबंध?"

हे ऐकून रेवणप्पाचा चेहरा सणासारखा उजळला. सून राजनंदिनी आणि मुलगा महांतेश दिवाळीत भांडून जुळे सोलापूर भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. भांडण वाट्यावरून. शेड आम्ही चालवायची आणि खर्चाला पैसे मागून घ्यायचे, हे किती दिवस, असं सुनेनं जेवताना विचारलं होतं. बाप जिवंत असताना वाटा मागतात, म्हणून रेवणप्पानं तेव्हापासून दमडी दिली नव्हती. आता हे लचांड तिच्या गळ्यात पडलं की दोघं रडत भवानी पेठेत येतील. सून बी.कॉम. होती, पण रेवणप्पाच्या मते त्या शिक्षणाचा उपयोग सही सुबक येण्यापुरता. कोऱ्या चेकवर तिच्या सह्या घेऊन त्यानं कपाटात ठेवल्याच होत्या.

त्यानं लिहून दिलं: बिभीषण माझा कामगार नाही. तो राजनंदिनी टेक्स्टाइलचा. नऊ ते सोळा नंबरचे माग, त्यांचा मीटर आणि त्यांचा सर्व व्यवहार सौ. राजनंदिनी यांच्या एकटीच्या मालकीचा असून माझा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. 'काडीचाही' हा शब्द आबासाहेबांना नको होता. रेवणप्पानं हट्टानं घालून घेतला.

तारखेला राजनंदिनी स्कूटीवरून आली. रडत नव्हती. कामगार कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलासमोर बसून तिनं सासऱ्यांचं म्हणणं शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मामांनी लिहिलंय ते बरोबर आहे, साहेब," ती म्हणाली. "माग माझे. बिभीषणदादा माझे कामगार. फिजिओथेरपीचं बिल मी भरते, आणि हात पूर्ण बरा झाला नाही तर जी भरपाई बसेल तीही. फक्त मामांच्या या कागदाची शिक्का मारलेली नक्कल मला द्या."

"कशाला पाहिजे नक्कल?" रेवणप्पानं विचारलं.

"असू द्या मामा. तुमचं अक्षर छान आहे."

बिभीषणशेजारी बसलेल्या बनाबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. "बाईसाब, आजपास्नं सुरू हुईल का पर? बाकीचं तुमचं तुमी बघा."

"आजपासून," राजनंदिनी म्हणाली आणि पर्समधून नवं चेकबुक काढलं.

रेवणप्पानं पुढं वाकून चेकबुकावरचं नाव वाचलं. सून बँकेत जाऊन जुने चेक थांबवून आली होती. कपाटातले सही केलेले चेक आता रद्दीच्या भावाचे होते आणि खात्यात एका मोठ्या ऑर्डरची आलेली रक्कम पडून होती. ती तिथं ठेवण्याची अक्कल रेवणप्पाचीच, कर वाचावा म्हणून. दुसऱ्या दिवशी तिनं नऊ ते सोळा नंबरच्या मागांभोवती जाळी मारून घेतली. इतकी वर्षं नसलेली भिंत एका सकाळीत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ते माग टेंभुर्णीच्या एका व्यापाऱ्याला भाड्यानं दिले.

रेवणप्पा धापा टाकत आबासाहेबांकडे आला. "माग माझे आहेत. पैसा माझा गेलाय. अख्ख्या पेठेला माहीत आहे."

"मग तसं लिहून द्या," आबासाहेब म्हणाले. "की चारी पाट्या खोट्या, शेड एकच, मालक एकच. म्हणजे सगळी माणसं एकत्र मोजतील. इतक्या वर्षांचा विमा, प्रॉव्हिडंट फंड, विजेची सवलत, व्याजासकट वसूल. एक तर ते आठ माग तिचे, नाहीतर बत्तीसच्या बत्तीस तुमचे. मधलं काही नाही."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"आधी तुम्ही पंचवीस हजार कसे वाचतील ते विचारलं होतं."

रेवणप्पा घरी गेला. गौरम्मा दारातच उभी होती. तिनं फक्त, माझ्याही नावावर आठ माग आहेत ना, एवढं विचारलं. त्या रात्री रेवणप्पा जेवला नाही.

बिभीषणचा व्यायाम पुरे तीन महिने झाला. बाईनं जेवढं करता येईल तेवढं केलं. हात कानापर्यंत आला आणि थांबला. पुढचं विटांनी आधीच उरकलं होतं. टेंभुर्णीच्या व्यापाऱ्यानं स्वतःची धडधाकट माणसं आणली. राजनंदिनीनं बिभीषणसाठी त्याच्याकडे शब्द टाकला नाही. भाडं वेळेवर येत होतं, उगीच कशाला.

तर बिल राजनंदिनीनं भरलं, रेवणप्पाच्या पैशातून, आणि ते तिच्या खर्चात धरल्यामुळं तिचा करही कमी झाला. भरपाईची रक्कम बसली तीही त्याच खात्यातून गेली आणि तिच्यात बिभीषणची उधारी कशीबशी फिटली. रेवणप्पानं पंचवीस हजारांच्या बदल्यात आठ माग भरले, आणि एका मोठ्या ऑर्डरची रक्कम. आबासाहेबांनी काही भरलं नाही. त्यांची फी सासऱ्याकडूनही आली आणि नव्या अशील म्हणून सुनेकडूनही. बिभीषण एका मंगल कार्यालयाच्या फाटकावर वॉचमन आहे, पूर्वीच्या निम्म्या पगारावर. उरलेला निम्मा बनाबाई भरते, दुसऱ्या पाळीलाही कांड्या करून.