बत्तीस महिने कोरडी

"पाण्याबिगर किती दिवस जगते ही?" तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून आलेल्या बापूरावसरांनी टेबलावरची सुकी गोगलगाय उचलून विचारलं.

"दोन सालं तरी जगते सर," ललिता म्हणाली.

"चूक. चौदा महिने." परीक्षकाने तिच्या नावापुढे शून्य टाकलं. "काहून रे अजित, पोरीले काय शिकवून राह्यला?"

वाशीमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे अजितकुमार याच घटकेची वाट पाहत होते. बापूराव त्यांचे जुने गाइड. इंझोरीच्या तळ्यातल्या गोगलगायींवर अजितकुमारांनी चार वर्षं हाडाची काडं केली, वही तपासायला दिली, आणि सगळं संशोधन छापून आलं ते बापूरावांच्या नावावर. वहीत शेवटची नोंद होती, 'चौदा महिने. मेली.' पण वही दिल्यानंतर, दोन वर्षं कोरडी राहिलेली तीच गोगलगाय पाण्यात टाकल्यावर चालायला लागली. म्हणजे चोराने चुकीसकट माल उचलला होता. अजितकुमारांनी हे तेव्हाच छापलं असतं तर काम भागलं असतं. पण त्यांना तो माणूस चारचौघांत तोंडघशी पडलेला पाहायचा होता.

ही गोगलगाय त्याचसाठी कोरडी ठेवलेली. गेल्या वर्षी बापूराव येणार होते, ऐनवेळी दुसरेच परीक्षक आले. तेव्हा तिला वीस महिने झाले होते. पाणी द्यायला हवं होतं. मुंगीलाही वाट करून देणाऱ्या जतनबाई ही अजितकुमारांची आई, पण सूड डोक्यात बसला की जीवसुद्धा दिसत नाही. आणखी वर्षभर त्यांनी तिला कोरड्या डब्यात ठेवलं.

"घंटाभर थांबा सर," अजितकुमारांनी तिला पाण्याच्या वाडग्यात सोडलं. "बत्तीस महिने झाले हिले. आता पाहा."

सगळी मुलं भोवती गोळा झाली. अर्धा तास गेला. शंखाचं झाकण जरासं सैल झालं तशी ललिता पुढे वाकली. मग कुजका वास आला.

बापूरावांनी नाकाला रुमाल लावला. "माहाच पेपर बरोबर निघाला म्हना," ते हसले आणि चहाला गेले.

"सर, तुमी सांगतलं ते खोटं होतं काय?" ललिताने विचारलं.

"नाई बाई. तुहं उत्तर बरोबर होतं. हिले मी मारलं."

बापूरावांवरचा राग कणभरही उतरला नव्हता, पण त्यांच्यामागे जाऊन भांडायला अजितकुमारांचा पाय उचलेना. ललिता वाडगं घेऊन नळाकडे निघाली.

"ठेव ते," ते म्हणाले. "मीच धुतो."