कुकर राहिला उमरग्यात

आडत दुकानाचा वजनकाटा असतो ज्वारी-तुरीची पोती तोलायला. त्या दुपारी उमरग्याच्या शिवलिंगप्पांनी त्यावर व्हिएतनामला जाणाऱ्या बॅगा चढवल्या. त्यांची स्वतःची हलकी भरली, मुलगा नंदीशची हलकी भरली, सून शिवप्रियाचीही मापात बसली. मग बायकोची, म्हणजे महादेवीची बॅग ठेवली, आणि आकडे जे पळत सुटले ते विमानात चालणाऱ्या वजनाच्या पार पुढं जाऊन थांबले.

नाहीतर काय होणार? त्या बॅगेत महादेवीचं म्हणावं असं साड्यांपलीकडं फारसं काही नव्हतंच. विजेची शेगडी, कुकर, तांदूळ, तूरडाळ, शेंगाचटणीचे डबे आणि सगळ्यांना पुरतील एवढ्या कडक भाकऱ्या! घर निघालं होतं सुट्टीला आणि स्वयंपाकघर मात्र तिच्या एकटीच्या बॅगेत कोंबलं होतं. "तिकडं समदं मटण-मासळी. सकाळी हॉटेलच्या खोलीतच डाळभात लावू," असं शिवलिंगप्पांनी कधीच जाहीर करून टाकलं होतं. हा डाळभात लावणार कोण, असं विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

"थोडं वजन काढावं लागतंय," असं म्हणत शिवलिंगप्पांनी चेन उघडली आणि अगदी वरची वस्तू बाहेर काढली. ती होती महादेवीची चित्रांची वही.

दुकानाच्या जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी कापून, गोधडीच्या दोऱ्यानं शिवून, वर खणाचं कापड चढवून तिनं ती स्वतः बांधली होती. अशा वह्या तिच्या फडताळात कितीतरी होत्या. कडक भाकरी मंद आचेवर वाळायला वेळ लागतो. तेवढ्यात ती गॅसपुढं बसून पेन्सिल चालवायची. परात, उलथनं, खिडकीतलं मांजर, पोत्याला टेकून डुलक्या घेणारे हमाल, जे दिसेल ते. लग्न होऊन या घरात आल्यापासून एक दिवस तिनं सोडला नव्हता, आणि घरातले त्याला 'अव्वाचा', म्हणजे आईचा, 'टाइमपास' म्हणत. ही वही मात्र पूर्ण कोरी होती. ती तिनं खास या सुट्टीसाठी शिवली होती, आणि परदेशातून भरूनच आणायची असं मनाशी पक्कं केलं होतं.

"ही कशाला? फोटू काढायला मोबाईल हाय की," शिवलिंगप्पा म्हणाले आणि त्यांनी वही तुरीच्या पोत्यावर भिरकावली.

महादेवी पुढं झाली. तिनं वही उचलली, पदरानं पुसली आणि काखेत धरली. मग बॅगेत हात घालून कुकर बाहेर काढला आणि नेमका त्याच पोत्यावर ठेवला. त्याच्या शेजारी शेगडी. मग तांदूळ, मग डाळ. काट्यावरचे आकडे भराभर उतरायला लागले.

"अगं, काय करायलीस?"

"वजन कमी करायलेय. तुम्हीच म्हणलात की."

"मग तिकडं खायचं काय?"

"तिथली माणसं काय उपाशी राहत्यात व्हय? भात तर त्यांचा बी रोजचाच हाय. भाकरी-चटणी मी केलीय, ती ज्याच्या त्याच्या बॅगंत घालते. तुमच्या बॅगांत जागा लई हाय."

नंदीश मध्ये पडला. "अव्वा, वजनाचंच असंल तर कुकर माझ्या बॅगंत टाक."

"घे की. मग लावायचा बी तूच."

कुकरकडं गेलेला नंदीशचा हात जागच्या जागी परत आला. शिवप्रियाला एकदम खोकला लागला, आणि ती तोंडावर ओढणी धरून दुकानामागच्या घरात पळाली.

शिवलिंगप्पांचा पारा चढला. "असलं करायचं असंल तर ऱ्हा घरीच!"

"मी जाणार. माझा पासपोर्ट माझ्यापाशी हाय," महादेवी म्हणाली. "कुकर ऱ्हाईल घरी. तुम्हाला त्याच्यासंगं ऱ्हायचं असंल तर ऱ्हावा."

हमाल बघत होते, त्यामुळं शिवलिंगप्पांना राग गिळावा लागला. खरं सांगायचं तर वजनाचं निमित्त महादेवीला आयतंच मिळालं होतं. आजवर तिच्या प्रत्येक 'न्हाय'ला शेपटासारखं एक कारण जोडावं लागायचं: गुडघा दुखतोय, पाहुणे यायचेत, पीठ संपलंय. नुसतं 'न्हाय' त्या घरानं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

हनोईत शिवलिंगप्पांनी आपल्या वाटच्या भाकऱ्या बघता बघता फस्त केल्या. मग एका सकाळी हॉटेलातल्या पावाला नाक मुरडून ते बायकोला शोधत खाली उतरले. महादेवी गल्लीच्या तोंडाशी एका बुटक्या स्टुलावर बसली होती. समोर एक म्हातारी उकळत्या भांड्यावर ताणलेल्या फडक्यावर तांदळाचं पातळ पीठ पसरत होती आणि वाफेवर शिजलेली पापडी बांबूच्या कामटीनं अलगद उचलत होती. महादेवीची वही निम्म्याच्या वर भरली होती. मागच्या पानावर तिनं हॉटेलातल्या पोरीकडून 'मांस-मासळी नको' असं तिथल्या भाषेत लिहून घेतलं होतं. तेवढ्यावर तिचं सगळं झकास चाललं होतं. म्हातारीनं दिलेल्या नुसत्या पापडीवर ती आपली शेंगाचटणी भुरभुरवून खायची, आणि आता म्हातारीही चटणीसाठी हात पुढं करत होती.

"भूक लागलीय," शिवलिंगप्पा म्हणाले.

"बसा की मग."

उमरग्याचे आडतदार गुडघे छातीशी घेऊन स्टुलावर बसले. एक पापडी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी मागितली. पोट भरलं तसा त्यांचा चेहरा खुलला.

"झ्याक हाय! असं कर, उद्यापासनं तू रोज सकाळी खाली येत जा, अन् सगळ्यांचं बांधून वर खोलीवर आणत जा."

महादेवीची पेन्सिल म्हातारीच्या मनगटापाशी होती. तिनं मान वर केली नाही.

"न्हाय," ती म्हणाली.

शिवलिंगप्पा पुढच्या कारणाची वाट बघत बसले. महादेवीनं मनगट पुरं केलं आणि कामटी काढायला घेतली.