सम्राटाचा वंश

सम्राटच्या डोक्याला फेटा बांधायला तिघे जण झटत होते आणि सम्राट तिघांनाही हिसडत होता. साताऱ्याबाहेरच्या मैदानात घोड्यांच्या प्रदर्शनाचा मांडव घातला होता, आणि त्यातल्या स्टेजवर, माणसांच्या खुर्च्यांच्या बरोबर मधे, त्याला उभा केला होता. तांबडं अंग आणि तांबडीच आयाळ तेल चोळून चमकवलेली, मान पैलवानाच्या दंडासारखी फुगलेली, गळ्यात झेंडूचा हार. तो हार तो मधूनमधून खात होता. त्या स्टेजवर काहीतरी शहाणपणाचं करणारा तो एकटाच आहे, असं डॉ. कस्तुरी मगदूमला वाटलं.

कस्तुरी कवठे महांकाळकडच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. देशी तट्टू संवर्धन मंडळाचा अध्यक्ष दिग्विजय याने तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, पण भाषणासाठी नव्हे. मंडळाच्या कुंडलच्या फार्मवर सहा घोड्या होत्या. अस्सल भीमथडी जातीच्या म्हणून मेंढपाळांकडून मागून आणलेल्या. दोन वर्षं सम्राटपाशी ठेवूनही त्या गाभण राहत नव्हत्या. तेव्हा त्या वांझ आहेत, असा दाखला कस्तुरीने द्यायचा होता. दाखला मिळाला की घोड्या बाजारात जाणार आणि त्यांच्या जागी मारवाडहून उंच घोड्या येणार. देशी तट्टांचं संवर्धन मारवाडी घोड्यांकडून होणार हे दिग्विजयने फोनवर सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता.

"तुमची सही झाली की झालं, म्याडम," तो म्हणाला होता. "चहा प्यायचा आणि निघायचं."

मांडवाच्या खांबांवर पाट्या लावल्या होत्या. सम्राटची पाटी माणसाएवढी उंच. बाप तुफान, आजा वादळ, पणजा झंझावात. मागे जावं तसं हवामान बिघडत गेलं होतं. शेजारी त्याच्या मुलाची पाटी होती. 'युवराज. बाप – सम्राट. आजा – तुफान. पणजा – वादळ. आई – घोडी.'

कस्तुरीने ती पाटी पुन्हा एकदा वाचली. युवराजची आई घोडी आहे ही बातमी लोकांना द्यावी असं मंडळाला का वाटलं असेल, याचा तिने थोडा विचार केला आणि सोडून दिला.

घोड्या मांडवात नव्हत्या. त्या मागे, पाण्याच्या टँकरपलीकडे, उन्हात एकाच दोरीला बांधल्या होत्या. तिथं परीक्षक सुभेदार जयराज हातात वेताची छडी घेऊन उभे होते. फौजेत ते खेचरांच्या तुकडीवर होते, आणि निवृत्त झाल्यापासून घोड्यांचे जाणकार म्हणून सगळीकडे बोलावले जात होते. खेचरांना पोरं होत नाहीत ही गोष्ट कुणी त्यांच्यापाशी काढत नसे.

"ही तिसरी बघा, डॉक्टर," त्यांनी छडीने एका ठेंगण्या, आयाळीसकट तांबड्या घोडीकडे दाखवलं. "छातीवर उलटा भोवरा. असली घोडी फिट राहूच शकत नाही. म्हणून रिकामी."

"भोवरा कातडीवर असतो, सुभेदार. गर्भाशय आत असतं."

"तेच म्हणतोय मी. आतलं बाहेर दिसतं."

कस्तुरीने खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि काम सुरू केलं. एकेक घोडी तपासायला वेळ लागला. सुभेदार थोडा वेळ थांबले, मग त्यांना स्टेजवरच्या पंख्याची आठवण झाली. सहाव्या घोडीपाशी हातमोजा उतरवताना कस्तुरीला कळून चुकलं होतं की यातल्या एकीलाही काही झालेलं नाही. दोघी तर माजावर होत्या. आणि ती उलट्या भोवऱ्याची तिसरी घोडी सगळ्यांत निरोगी होती.

ती मांडवात परत आली. दिग्विजय पाव्हण्यांना युवराज दाखवत होता. वर्षाच्या वर गेलेलं शिंगरू, चपळ, अंगाने तांबूस. आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय मात्र काळेभोर.

"बाकीच्या घोड्यांना अकरा महिने लागतात," दिग्विजय सांगत होता. "आमच्या सम्राटचं रक्त घाईचं. घोडी फार्मवर आली आणि नऊ महिन्यांत हा बाहेर! माणसासारखा!"

पाव्हण्यांनी मान डोलावली. नऊ महिन्यांत झालेलं शिंगरू जगत नाही, हे त्या गर्दीत बहुतेक सगळ्यांना माहीत असणार. पण गर्दीला फेटे होते, आणि फेट्यांना जेवण होतं.

"याची आई कोणती?" कस्तुरीने विचारलं.

"ती मागं आहे. तिसरी. एकदा व्याली, आता आटली. काय करता, माल जुना."

"सम्राटला खुराक काय देता?"

दिग्विजयचा चेहरा उजळला. "तूप, बदाम, अंडी. आणि इंजेक्शन. आमच्या गावातला जिमवाला आणून देतो, ताकदीची. तीन वर्षं झाली. मान बघा ना त्याची!"

मान सगळेच बघत होते. कस्तुरी स्टेजच्या कडेशी गेली, वाकली आणि कुणीच बघत नव्हतं तिथं तिने बघितलं. नर म्हणून सम्राटचं जिथं खरं काम होतं तिथं दोन सुकलेली लिंबं असावीत एवढंच काहीतरी होतं. बाकीचं सगळं मानेत गेलं होतं. सम्राटने खाली वळून तिच्याकडे पाहिलं आणि झेंडूचं आणखी एक फूल तोडलं. त्याची तिला कीव आली. इंजेक्शन त्याने मागितलं नव्हतं.

मागून कुणीतरी हाक मारली. "म्याडम, आवं म्याडम!"

आकाराम होता, तिच्याच तालुक्यातला मेंढपाळ. त्याच्या मेंढ्यांना तिने कितीदा तरी लस टोचली होती. आज त्याच्या अंगावर कडक इस्त्रीचा सदरा आणि डोक्याला गुलाबी फेटा होता.

"युवराजची आई ती आमची काशी!" तो म्हणाला. "आज माझा सत्कार हाय. शाल देणार हायत."

"आणि काशी बाजारात जाणार आहे, ते ठाऊक आहे?"

आकारामचा चेहरा पडला. "त्येच इचारायला आलो. तुमी नुस्तं लिवा, काशी बरी हाय म्हून. दसरा झाला की आमाला मेंढरं घेऊन निघायचं हाय. तिच्याबिगर बाकीची तट्टं पाऊल उचलत न्हाईत. समदी तिच्या शेपटीमागं चालत्यात. गेल्या साली पोराबाळांनी वझं डोक्यावर वाहिलं."

"फार्मवर पाठवायच्या आधी काशीजवळ तुमचं एखादं नर तट्टू होतं का?"

"कुठलं?"

"वझं वाहणारं."

आकाराम फेटा सावरायला लागला. "त्यो असतोय की. कळपातच असतोय."

"त्याचे पाय कसे आहेत?"

आकारामने युवराजच्या पायांकडे बघितलं. "काळं."

कस्तुरीला दवाखान्यातला एक दिवस आठवला. काशीच्या खुराला जखम झाली होती, आणि ती बांधून होईपर्यंत हाच आकाराम सांगत बसला होता, की आमच्यात घोडी आईवरनं वळखायची. काशी गंगीची, गंगी तुळशीची, तुळशी आबांच्या मोहनीची. दुष्काळात घाट कोण चढली, पुरात शिंगरासकट कोण पोहली, ते सगळं या नावांना चिकटलेलं. बापाचं नाव तिने विचारलं तेव्हा तो हसला होता. बापाला कोन इचारतंय, म्याडम?

आणि तोच माणूस आता इस्त्रीच्या सदऱ्यात सम्राटचा व्याही होऊन उभा होता.

"आकाराम, फेटा हवा का घोडी?"

त्याने खरोखर विचार केला. "दोनी न्हाई का जमायचं?"

कस्तुरीला हसू आलं नाही. तिला वाटलं, मोहनीपासून काशीपर्यंत चार घोड्यांनी या माणसाचं घर पाठीवरून वाहिलं, आणि याला एका शालीची भूल पडली. मग ती दिग्विजयकडे गेली. तो स्टेजमागच्या खुर्चीवर सुभेदारांबरोबर सरबत पीत होता. दाखल्याचे सहा कागद टेबलावर तयार होते.

"सही करण्याआधी एक तपासणी राहिली आहे," ती म्हणाली. "घोडी वांझ ठरवायची तर आधी घोड्याचं वीर्य तपासावं लागतं. सामान गाडीत आहे. स्टेजवरच नमुना घेऊ. लोक जमलेलेच आहेत."

दिग्विजयच्या हातातला ग्लास थांबला. "सम्राटचं? अहो, पुरावा तिथं उभा आहे की! युवराज!"

"त्याचंही बघू. आई तांबड्या आयाळीची, बाप तांबड्या आयाळीचा. अशा जोडीला काळ्या आयाळीचं शिंगरू होत नाही. कधीच होत नाही. आणि नऊ महिन्यांचं तर मुळीच नाही. म्हणजे काशी तुमच्या फार्मवर आली तेव्हाच गाभण होती. त्याचे चार केस उपटून प्रयोगशाळेत पाठवले की लेखी उत्तर येईल."

सुभेदार खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे घोडीनं दगा दिला?"

"घोडी काही बोलली नव्हती, सुभेदार. पाटी तुम्ही लिहिलीत."

स्टेजवर निवेदक सम्राटच्या पणज्याचा पराक्रम सांगत होता. दिग्विजयने ग्लास खाली ठेवला.

"हे अजून कुणाला बोललात?"

"नाही."

"मग कशाला बोलायचं? एवढं नाव झालंय मंडळाचं. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

"मला काहीच नको. तुमच्या घोड्याशी माझं भांडण नाही, फक्त ती इंजेक्शनं आजपासून बंद करा. पण मागच्या सहाही जणी ठणठणीत आहेत, आणि वांझ म्हणून मी एकीच्याही कागदावर सही करणार नाही. घोड्या बाजाराकडे निघाल्या तर मी केस घेऊन प्रयोगशाळेकडे निघेन."

ती कागद तसेच टेबलावर ठेवून बाहेर आली आणि टँकरच्या सावलीत उभी राहिली. तिला सत्य सांगायला आवडलं असतं, माईकवरून, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून. पण त्या मांडवाला सत्य पेललं नसतं. सम्राटच्या अब्रूचा राग त्यांनी घोड्यांवरच काढला असता. मांडवातलं खोटं गळून पडेल तेव्हा पडेल. घोड्या मात्र येत्या रविवारीच बाजारात जाणार होत्या.

थोड्या वेळाने भोंग्यातून दिग्विजयचा आवाज आला. तो गहिवरलेला होता. "आणि म्हणून, बंधूंनो, मंडळानं मोठ्या मनानं ठरवलंय. या सहाही घोड्या, ज्यांना आपल्या सम्राटचा सहवास लाभला, त्या आम्ही आमच्या मेंढपाळ बांधवांना सन्मानानं परत देतोय! सम्राटचा हा प्रसाद समजा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुभेदारांनी उभं राहून सलाम ठोकला, बहुधा सम्राटला. मग आकारामचं नाव पुकारलं गेलं. तो स्टेजवर जाऊन शाल घेऊन आला आणि टँकरपाशी येऊन काशीची दोरी सोडायला लागला.

"दोनी जमलं की, म्याडम!"

"जमलं," कस्तुरी म्हणाली.

काशीने त्याचा इस्त्रीचा सदरा हुंगला, नाक फेंदारलं आणि मांडवाकडे एकदाही न बघता चालायला लागली. दोरी आकारामच्या हातात होती, पण कोण कुणाला नेत होतं ते दिसतच होतं.

पुढच्या वर्षी, दसरा उलटून गेल्यावर, आकारामचा फोन आला. आवाजात वारा होता; कुठल्यातरी माळावरून बोलत असावा. काशी व्याली होती, शिंगरी झाली होती. मंडळाला बातमी कुठून तरी लागली होती, आणि दिग्विजयने फोन करून ही सम्राटची नात म्हणायची का पुतणी, असं विचारलं होतं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? म्हनलं, काय म्हनायचं ते म्हना. पेंडीचं पोतं धाडून दिलं त्यांनी. काशीनं खाल्लं."

"शाल आहे का अजून?"

"हाय की. खोगिराखाली घालतो. मऊ लय हाय, पाठ सोलत न्हाई."

"शिंगरीचं नाव काय ठेवलंत?"

"गोदी. काशीची गोदी."

"आणि बाप?" कस्तुरीने मुद्दाम विचारलं.

आकारामला प्रश्नच कळला नसावा. "बाप? त्यो काय तिकडं हाय. वझं उतरवतोय त्याच्यावरचं," तो म्हणाला, आणि कुणालातरी भांडी जपून उतरव म्हणून ओरडला.