आलेवाही, सिंदेवाही

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, नागभीडच्या रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत ताडोब्याच्या सफारीची एक जिप्सी येऊन थांबली. तिच्यातून सत्तरीची एक गोरी बाई उतरली. मीराबाई तेव्हा अंगणात सुपात लाखोरीची डाळ निवडत बसली होती. तिला वाटलं, गाडी रस्ता चुकली.

ड्रायव्हर इसरूनं हातातला कागद पुढं केला. "मीराबाई म्हणजे तुम्हीच का, बाई?"

कागदावर तिचं नाव आणि पत्ता होता, आणि अक्षर अश्विनचं होतं.

अश्विन तिचा मोठा मुलगा, सत्तावीस वर्षांचा. हॉटेलचं शिक्षण घेऊन तो दीड वर्षापूर्वी एका जहाजावर लागला होता. जहाज फार मोठं नव्हतं, दीडशे पाहुण्यांचं. जगाच्या अगदी तळाशी, जिथं गाव नाही, झाड नाही, अशा बर्फात ते जायचं. अश्विन तिथं पाहुण्यांच्या खोल्या सांभाळायचा. गादीवर घडी न पडलेली चादर, न्हाणीत गरम पाणी, उशीवर चॉकलेट. जिथं काहीच नाही तिथं लोक एवढ्या हौसेनं काऊन जातात, हे मीराबाईला कधी उमगलं नव्हतं. त्याचा शेवटचा फोन अकरा दिवसांपूर्वी आला होता. दहा-बारा दिवस नेट नसेल, असं तो म्हणाला होता.

गोऱ्या बाईनं पिशवीतून एक फोटो काढला. फोटोत लाल जाकीट घातलेला एक म्हातारा खुर्चीत बसला होता आणि त्याच्या मागं युनिफॉर्ममधला अश्विन उभा होता. बाईनं आधी म्हाताऱ्यावर बोट ठेवलं, मग अश्विनवर, मग ती इंग्रजीत बरंच काही बोलली आणि बोलता बोलता डोळे पुसायला लागली.

"काय म्हणते?" मीराबाईनं विचारलं.

इसरूचं इंग्रजी जंगलापुरतं होतं. वाघ कुठी दिसला, हळू बोला, खाली उतरू नका, एवढं त्याला सांगता यायचं. त्यानं डोकं खाजवलं. बाईला पुन्हा बोलायला लावलं.

"बाई, मले बराबर समजत नाई," तो हळूच म्हणाला. "थे 'सन' म्हणते. सन म्हणजे पोरगा. अन् मंग 'डाइड' म्हणते."

"म्हणजे?"

इसरूनं डोक्यावरची टोपी काढली.

मीराबाई उठली. आत जाऊन तिनं दुधाखालचा गॅस बंद केला. मग मुलीला, खुशबूला, फोन लावला. खुशबू ब्रह्मपुरीला कॉलेजात होती, तिचा फोन बंद होता. मीराबाईनं पुन्हा लावला, पुन्हा बंद. ती बाहेर आली आणि गोऱ्या बाईसाठी खुर्ची टाकली. आपण हे काय करतोय, ते तिला कळत नव्हतं. रडू येत नव्हतं. अकरा दिवसांपूर्वी त्यानं घशाला बरं नाही म्हटलं होतं का? की ते त्याच्याही आधी?

शेजारची ठमाबाई कुंपणापाशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं एकदम हंबरडा फोडला. पाच मिनिटांत अंगण बायकांनी भरलं. कोणी मीराबाईला धरलं, कोणी पाणी आणलं.

गोरी बाई आधी गांगरली. मग तिला वाटलं, हे लोक आपल्याच माणसासाठी रडताहेत. अशी माया तिनं कधी पाहिली नसावी. ती खुर्चीवरून उठली, मीराबाईच्या गळ्यात पडली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. तेव्हा कुठं मीराबाईच्याही डोळ्यांतून पाणी आलं. दोघी एकमेकींना धरून, दोन वेगळ्या माणसांसाठी, कितीतरी वेळ रडल्या.

अकराच्या पुढं खुशबूचा फोन आला. "माय, प्रॅक्टिकल होतं. इतके मिस कॉल काऊन?"

मीराबाईनं फोन इसरूपुढं धरला. इसरूनं फोन घेऊन स्पीकरवर टाकला आणि गोऱ्या बाईसमोर धरला. बराच वेळ दोघींचं इंग्रजी चाललं.

"माय, ऐक," खुशबू म्हणाली. "दादाले काही नाई झालं. ह्या मॅडमचं नाव मारियन. त्यायचा नवरा जहाजावर वारला, डिसेंबरात. दादा शेवटपर्यंत त्याच्यापाशी बसला होता. त्या तुले भेटाले आल्या, बस."

काही बायकांचा पदर अजून तोंडावरच होता. "अरे मुडद्या!" ठमाबाई इसरूवर ओरडली. "जित्त्या पोराले मारलं!"

"मी म्हटलंच होतं, मले बराबर समजत नाई!" इसरू जिप्सीच्या मागं सरकत म्हणाला.

मीराबाई खालीच बसली. पोरगा जिता आहे, हे कळल्यावर हसावं, तर समोर जिचा नवरा गेला ती बसलेली. तिनं मारियनचा हात सोडला नाही.

मारियन अजून काहीतरी विचारत होती. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं बोट दाखवून तिनं फोनवर खुशबूला काही सांगितलं.

"माय, त्या म्हणतात, साहेब जात होते तेव्हा दादा हळूहळू काहीतरी म्हणत होता. पुन्हा पुन्हा तेच. त्यायले वाटते, बुद्धाची प्रार्थना असंन. साहेब ऐकत ऐकत शांत झाले. तिचा अर्थ विचाराले त्या आल्या."

मग मारियननं डोळे मिटले आणि अडखळत म्हटलं, "आलेवाई... सिंदेवाई... राजोली..."

अंगणातल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. ठमाबाईनं तोंडाला पदर लावला, पण आता हसू दाबायला.

मीराबाईचा नवरा याच रेल्वे लाईनीवर रूळ तपासणारा गँगमन होता. लहानपणी अश्विनला ताप चढला की मीराबाई त्याला मांडीवर घेऊन बल्लारपूरपर्यंतची स्टेशनं मोजायची. नागभीड, तळोधी, आलेवाही, सिंदेवाही, राजोली, मूल. बाप कुठवर गेला, ते सांगायची. पोरगा मूलपर्यंत कधी जागा राहायचा नाही.

"माय, काय सांगू?" खुशबूनं विचारलं. "प्रार्थनाच होती म्हणू का?"

मीराबाईनं मारियनकडं पाहिलं. एवढ्या दुरून आलेल्या बाईला स्टेशनांची नावं कशी सांगावी? अन् खोटं तरी कसं सांगावं?

"जे हाय ते सांग," ती शेवटी म्हणाली.

खुशबूनं सांगितलं. मारियनला राग आला की वाईट वाटलं, कोणालाच कळेना. मग तिनं वही काढली आणि खुणेनंच मीराबाईला पुन्हा म्हणायला लावलं. एकेक नाव ती आपल्या लिपीत लिहीत गेली.

दुपारी ती भात आणि वांग्याची भाजी जेवली. जाताना वाकून मीराबाईच्या पाया पडायला गेली, तर मीराबाईनं घाईघाईनं तिला वर उठवलं.

शनिवारी अश्विनचा फोन आला.

"मॅडम खरंच आल्या?" तो थक्क झाला. "मले वाटलं, कार्ड पाठवतीन."

"माणूस मेला अन् दोन महिने तू घरी सांगतलं नाई. काऊन?"

"काय सांगू, माय? डॉक्टर होता, मशिनी होत्या. पण वारा थांबत नव्हता, त्याले न्याले विमान उतरू शकत नव्हतं. त्यानं माहा हात धरला तं सोडेच ना. म्हणे, तुह्या भाषेत काही बोल. मले काही सुचलंच नाई. मीच इतका भेलो होतो. चार दिवसांनी त्याच खोलीत नवी चादर टाकली. नवे पाहुणे आले. हसत होते. मी त्यायले विचारलं, चहा आणू का?"

मीराबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माय, मी परत येऊ का?"

तिच्या तोंडाशी 'ये' आलं होतं. पण जहाजाची नोकरी लागली तेव्हा हाच पोरगा पेढे घेऊन वस्तीभर फिरला होता, तेही तिला दिसत होतं.

"तुले काय वाटते?" तिनं विचारलं.

"मले काहीच समजून नाई राह्यलं."

"मलेही नाई," ती म्हणाली.

एप्रिलात करार संपला आणि अश्विन घरी आला. पंधरा दिवस तो नुसता झोपला. जूनमध्ये कंपनीची मेल आली. यंदा जहाज उत्तरेकडच्या बर्फात जाणार होतं, तो येणार का असं विचारलं होतं. त्यानं ती मेल आईला आणि बहिणीला वाचून दाखवली. मग कोणी काही विचारायच्या आत फोन खिशात घालून तो ठमाबाईच्या गळक्या नळाचं काम बघायला निघून गेला. होकार त्यानं अजून दिलेला नाही, नकारही दिलेला नाही.