लाल शेगडी

पद्माकरने चिमट्याने वांगं फिरवलं आणि साल तडकल्याचा आवाज ऐकून समाधानाने मान हलवली. लाल शेगडीवरचं हे शेवटचं भरीत. पुढच्या आठवड्यात नॉटिंगहॅमचं घर सोडून तो आणि सुहासिनी लंडनजवळच्या पिनरला, लेकीच्या जवळ, फ्लॅटमध्ये जाणार होते. फ्लॅटला बाग नव्हती, म्हणून आज दोन्ही शेगड्या मुलांना वाटून द्यायच्या होत्या.

शेगड्या म्हणजे बार्बेक्यूच, पण घरात कुणी तसं म्हणत नसे. एक लाल, एक काळी. काळीवर चिकन, सॉसेज, हॉस्पिटलमधल्या मित्रांना जे हवं ते. लालवर फक्त वांगी, कणसं, फार तर पनीर. मांसमच्छीबद्दल पद्माकरची काही तक्रार नव्हती हो! स्वतः खात नसला, तरी काळी शेगडी तोच हौसेने पेटवायचा. पण लाल ती लाल. चुकून घोटाळा नको म्हणून काळी तो बागेतल्या शेडमध्ये कुलूप लावून ठेवी, आणि किल्ली त्याच्या जुडग्यात असे.

ह्या सगळ्याच्या मुळाशी होत्या वैजयंतीकाकू. त्याच्या एका सहकाऱ्याची आई. या देशात आल्यापासून लग्नाकार्यालाही स्वतःचा डबा घेऊन जाणारी बाई. पंधरा वर्षांपूर्वी याच बागेत त्यांनी विचारलं होतं, "हिच्यावर दुसरं काही होत नाही ना रे?" पद्माकरने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "माझा शब्द, काकू." काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि कणीस हातात घेतलं. तेव्हापासून परक्या घरी त्या जेवल्या असतील तर फक्त इथे. आताही त्या आत स्वयंपाकघरात भरतासाठी कोथिंबीर चिरत होत्या.

"हं, बोला," पद्माकर मुलांना म्हणाला. "कुणाला कुठली?"

"लाल," मिल्टन कीन्सहून आलेला अतुल म्हणाला.

"नो वे! लाल शेगडी मला हवी," मंजिरी म्हणाली. "मी आधीच आईला सांगितलंय."

पद्माकरचा ऊर भरून आला. त्याला वाटलं होतं, दोघं काळीवरून भांडतील आणि लाल कुणाच्या तरी गळ्यात मारावी लागेल. इथे जन्मलेली, इथेच वाढलेली पोरं, पण बघा!

"अरे, पण लालवर मांस नाही चालायचं," तो मुद्दाम म्हणाला.

अतुल मोठ्याने हसला. "बाबा, कमॉन! सगळे सॉसेजेस तर तिच्यावरच झालेत. काळीवर ती टेस्टच येत नाही."

"अतुल!" मंजिरी ओरडली.

"व्हॉट? इतकी वर्षं झाली. त्यांना माहितीये. आई, तू सांगितलंयस ना त्यांना?"

सुहासिनी बागेतलं टेबल पुसत होती. तिचा हात थांबला.

"कधी?" पद्माकरने विचारलं.

अतुलचं हसू मावळलं. "तुम्ही ऑन कॉल असलात की. संडेला. शेडची किल्ली तुमच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये जायची, मग काय करणार? आई नंतर जाळी धुवायची. सोडा लावून. प्रॉपरली धुवायची, बाबा."

पद्माकरने वांगं फिरवलं. ते आधीच फिरवलेलं होतं.

"अहो," सुहासिनी हळूच म्हणाली, "मुलांचे मित्र यायचे घरी. त्यांच्या पुढ्यात काय कणसं ठेवायची? एकदा केलं मी."

"एकदा?"

ती पुन्हा टेबल पुसू लागली.

"मला सांगायचंस."

"तुम्ही ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. हे त्यालाही कळत होतं, आणि त्याचाच त्याला जास्त संताप आला. दर महिन्या-दोन महिन्यांनी काकूंना तो स्वतः गाडीतून आणायचा, खुर्ची मांडून बसवायचा, पहिलं कणीस त्यांना द्यायचा. आणि ही तिथेच शेजारी उभी राहून लिंबू-मीठ लावून द्यायची! चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. बायको, मुलगा, मुलगी, तिघं एकीकडे. सांगायचं कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. सॉसेज गेले खड्ड्यात. शब्द त्याचा होता, आणि त्याच्याच घरात, त्याच्याच पाठीमागे, त्याला काडीची किंमत नव्हती.

"बाबा, सॉरी," मंजिरी म्हणाली. "आम्ही लहान होतो."

"तू बत्तीस वर्षांची आहेस. काल लहान होतीस का?"

एवढ्यात मागचं दार उघडलं आणि काकू ताट घेऊन बाहेर आल्या. ऐंशीच्या घरातल्या, पायरी उतरताना अतुलने धावत जाऊन हात दिला.

"झालं का रे भाजून?" त्यांनी विचारलं. "आण इकडे. गरम आहे तोवर सोलते."

पद्माकरने वांगी ताटात काढून दिली. काकूंनी बोटं भाजत, फुंकर मारत साल सोलली, कांदा-कोथिंबीर घालून भरीत कालवलं. मग मुलांकडे बघून म्हणाल्या, "कोण नेतंय ही? जो नेईल त्याने सांभाळा रे बाबांनो. पद्माकर, तूच सांग यांना. तुझ्या शब्दावर जेवले मी इथे. इतकी वर्षं काही झालं नाही ना हिच्यावर?"

घास त्यांच्या हातात होता. सुहासिनी टेबलाकडे बघत होती, मुलं त्याच्याकडे. खरं सांगितलं असतं तर ह्या वयात त्या बाईने काय करायचं होतं? पंधरा वर्षांचं खाल्लेलं कुठे टाकायचं होतं?

"काही नाही, काकू," पद्माकर म्हणाला. "खा तुम्ही."

काकूंनी घास घेतला, डोळे मिटले. "वा! अरे, तू का उभा? घे ना."

"मला नको."

"नको काय? तुझ्या हातचं भरीत आणि तुलाच नको?"

पद्माकर रिकाम्या जाळीवर चिमटा फिरवू लागला. दुसरं खोटं त्याला जमणार नव्हतं.

"पित्त झालंय त्यांना, काकू," मागून सुहासिनी म्हणाली. "काल रात्रभर झोप नाही. पहाटे चारला उठून आल्याचा चहा करून दिला मी, तेव्हा कुठे डोळा लागला. आज वांगं नकोच त्यांना."

"मग राहू दे बाई," काकू म्हणाल्या. त्यांना लगेच पटलं. पद्माकरलाही पटलं असतं.