पान बेचाळीस

टायपिंगसाठी आभार. माझ्या मुलीच्या तीन वर्षांच्या कामाची त्या माणसाने एवढीच किंमत केली, आणि तीही संशोधनाच्या पेपराच्या शेवटी, बारीक अक्षरात. टायपिंग तिने केलंच नव्हतं. म्हणजे आभारसुद्धा खोटे.

मी साहेबराव पगारे. चाकणला पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, आता दापोडीत घरी असतो. माझी मुलगी वर्षाली भौतिकशास्त्रात पीएचडी करते आणि यशवंतराव सर तिचे गाईड. पाहुण्यांशी तिची ओळख करून देताना सर म्हणायचे, "परिस्थितीतून आलेली मुलगी आहे, आम्ही सांभाळून घेतो." कोण कुणाला सांभाळून घेत होतं, ते तुम्हीच ठरवा.

तिचा विषय तिने मला एकदा पोहे खाता खाता समजावला होता. मोठा तारा मेला की त्याचा गाभा दाबून दाबून इतका लहान होतो, की सूर्याहून जास्त ओझं चाकण ते दापोडी एवढ्या गोळ्यात मावतं. त्याच्या पोटात अणू तर सोडाच, अणूच्या आतले कणही फुटत असावेत आणि त्यांतले क्वार्क मोकळे होत असावेत. शास्त्रज्ञांनी या क्वार्कना रंग वाटून दिलेत, पण ते नुसतं नाव, खरा रंगबिंग काही नाही. हे क्वार्क जोड्या लावतात. जोडी नीट लागली की सगळं विनाअडथळा वाहतं.

"पण क्वार्क तीन प्रकारचे, आणि त्यांची संख्या सारखी नसते," ती म्हणाली. "मग सगळीकडे जोडी जमत नाही."

"मग मोडत असंल."

"तीच तर गंमत आहे, पप्पा. मोडत नाही. ठरावीक जागी जमते, ठरावीक जागी नाही. तुमचं आणि मम्मीचं होतं तसं."

कस्तुरा, म्हणजे माझी बायको, भोसरीला वायरिंगच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला होती आणि मी कायम सेकंडला. अकरा वर्षं आमची भेट म्हणजे दुपारी अडीचला नाशिक फाट्यावर पाच मिनिटं. ती टमटममधून उतरायची, मी कंपनीच्या बसची वाट बघत उभा. किल्ली, डबा आणि ही पोर या हातातून त्या हातात जायची. वेळ चुकली नाही, जागा हलली नाही, आणि त्यावरच आमचं घर उभं राहिलं.

"अशा ठरलेल्या जागांची एक जाळी तयार होते, खडीसाखरेच्या खड्यात असते तशी," ती म्हणाली. "ते वाहतं पण, आणि ताठ पण राहतं. किती ताठ, ते मी काढते."

हे मला पटलं. ताठ किती ते मोजायचं, हे तर माझ्याच धंद्यातलं काम होतं.

आमच्या शॉपमध्ये एक रीत होती. शिफ्टचा पहिला नग निघाला की तो आधी मोजायचा, त्याला टॅग बांधायचा, टॅगवर ऑपरेटरचं नाव आणि इन्स्पेक्टरची सही. लॉट संपेपर्यंत तो नग मशिनवर लटकत राहायचा. ज्याने काढला त्याचंच नाव, मग मॅनेजरचा भाचा का शेजारी उभा असेना. आणि नग चुकला तर तो लपवायचा नाही. त्याला लाल रंग फासून, नावासकट, कुलपाच्या लाल पेटीत टाकायचा. मी वर्षालीला पाचवीपासून हेच शिकवलं. गणित चुकलं तर खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. लाल फुली मारायची, तारीख टाकायची आणि पुढच्या पानावर नव्याने मांडायचं.

पीएचडीची वहीही तिने तशीच ठेवली. रोज संध्याकाळी चहा झाला की वही माझ्यापुढे यायची. मी पानाचा नंबर बघायचो, तारीख बघायचो, मोकळी जागा रेघ मारून बंद करायचो आणि खाली सही ठोकायचो. आतलं एक अक्षर मला कळत नव्हतं. उभ्या नोकरीत न मोजता सही केली नाही आणि रिटायर झाल्यावर रोज करत होतो, पण पोरीच्या कौतुकात ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

फेब्रुवारीत सरांनी तिची चालू, नवी वही आठवडाभर मागून घेतली. तेव्हा ती पान चव्वेचाळीसवर होती. वही परत आल्यावर चार दिवसांनी तिला स्वतःची चूक सापडली. ती जाळी ज्या लाटांनी बनते, त्यांतली समोरासमोरची जोडी हिशेबात एकदाच धरायची, ती पान बेचाळीसवर दोनदा धरली गेली होती. त्यामुळे ती जाळी ताऱ्याच्या वरच्या कवचाहून चारशे पट ताठ निघाली होती, खरं उत्तर होतं दोनशे. तिने बेचाळीसवर लाल फुली मारली आणि सत्तेचाळीसवर बरोबर हिशेब मांडला. सरांना दोनदा जाऊन सांगितलं. सर म्हणाले, "ठेवून दे, बघतो."

मे महिन्यात पेपर इंटरनेटवर आला. नाव एकट्या सरांचं, शेवटी टायपिंगचे आभार. आणि आत, जाडजूड अक्षरांत, चारशे पट.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. शॉपमध्ये कुणी दुसऱ्याच्या नगावर आपला टॅग बांधला असता तर युनियनने गेट बंद केलं असतं. इथे मोठमोठ्या पदव्यांची माणसं, आणि तिच्या मैत्रिणी तिला सांगतात, जाऊ दे, असंच असतं. असंच असतं म्हणे. मीच तिला तक्रार करायला लावली.

जुलैत चौकशी समिती बसली आणि मलाही बोलावणं आलं, कारण प्रत्येक पानावर माझी सही. बसमध्ये वर्षाली हळूच म्हणाली, "पप्पा, बेचाळीसचं आपण होऊन काढू नका. चूक माझी आहे. दाखवली तर म्हणतील हिचं कामच चुकीचं." मी मान हलवली, पण ते गिळायला फार जड गेलं.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर मॅडम होत्या. सर समोर पाय पसरून बसले होते. वही चाळत म्हणाले, "हे पगारे कोण? प्रेस शॉपच्या माणसाने क्वार्क तपासले?" दोघेतिघे हसले.

मॅडमनी मला विचारलं, "तुम्हाला यातलं काय कळतं?"

"काही न्हाई, मॅडम," मी म्हणालो. "मी तारीख तपासली. आतलं तपासायचं काम सरांचं होतं."

हसणं थांबलं. मॅडमनी पानं उलटली आणि त्यांचं बोट लाल फुलीवर अडलं. "या रद्द केलेल्या पानावरही तुमची सही आहे. हे का रद्द केलं?"

मी वर्षालीकडे बघितलं. ती उभी राहिली.

"ते पान चुकीचं आहे, मॅडम. चूक मी केली. आणि मीच पकडली, पान सत्तेचाळीसवर. सरांच्या पेपरात जो आकडा छापलाय, तो या लाल पानावरचा आहे."

मी खिशातून पेपराची प्रत काढली. आभाराची ओळ वाचून वाचून ती घडीवर फाटायला आली होती. मॅडमनी चष्मा लावला, पेपर आणि वही शेजारी शेजारी ठेवून ओळीवर ओळ लावली. चूकसुद्धा जशीच्या तशी उतरली होती. सरांनी पाय आत घेतले.

मला वाटलं, झालं, आता न्याय होणार. कसला न्याय. तासभर आम्हाला बाहेर बसवलं आणि आत बोलावून सांगितलं, प्रकरण वाढवण्यात कुणाचंच हित नाही. सर पेपरात वर्षालीचं नाव दुसऱ्या क्रमांकावर घालायला तयार आहेत. आकड्याचं काय, तर तो पुढेमागे दुरुस्त करता येईल. मॅडम खाली बघत होत्या.

तरी खरं सांगतो, मला मोह झाला. दुसरं तर दुसरं, नाव तरी येईल. दापोडीतल्या गल्लीत पेढे वाटता येतील. मी तिला कोपराने ढोसलं आणि म्हणालो, "घे."

"नको," वर्षाली म्हणाली. "चुकलेल्या नगावर माझं नाव नको. माझा पेपर मी दोनशेचा लिहीन."

"गाईडच्या संमतीशिवाय?" सरांनी विचारलं.

"गाईड बदलून द्या. अर्ज लिहून आणलाय," ती म्हणाली आणि अर्ज मॅडमच्या पुढे ठेवला. मॅडमनी तो घेतला.

परतीच्या बसमध्ये मी तिच्यावर जाम चिडलो. "तीन वर्षं गेली, हातात काय आलं? त्या माणसाचं काय वाकडं झालं?" सांगवी फाटा गेला तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही घेतलं असतं?" नोकरीत मॅनेजरने दम दिला, बदलीची भीती घातली, तरी मी एकही लाल नग बाहेर जाऊ दिला नव्हता, आणि हे मीच तिला शंभरदा ऐकवलं होतं.

घरी आल्यावर कस्तुराने चहा ठेवला. वर्षालीने वही आणली नाही. तिने सरांचा पेपर माझ्यापुढे ठेवला आणि लाल पेन दिलं.

मी चारशेवर फुली मारली. वर समासात टॅग आखला. ऑपरेटर: यशवंतराव, कारण हा नग आपला म्हणून त्यांनीच बाहेर सोडला होता. मग वही मागवली, पान सत्तेचाळीस उघडलं आणि तिला म्हणालो, "आता सांग. पहिल्या ओळीपासून. कळेपर्यंत उठायचं न्हाई."

दोनदा चहा झाला. लाटांची जोडी कुठे दोनदा धरली गेली, ते मी स्वतः पान बेचाळीसवर बोट ठेवून दाखवलं, आणि मगच टॅगवर इन्स्पेक्टरची सही केली.