तुला कोणी सांगितलं?

मित्रांनो, मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे. मला एका सुताराने स्वतःच्या घरासाठी बनवलं. तोवर तो लोकांच्याच घरी टेबलं पोहोचवायचा आणि स्वतः मात्र बायकोबरोबर एका खोक्यावर ताटं ठेवून जेवायचा. बायकोला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा त्याने एक चांगली फळी बाजूला काढली. माझे कोपरे घासून घासून गोल केले. "पोराचं डोकं आपटायला नको," म्हणाला.

मुलगी झाली. एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. ती माझ्यावर बसून अभ्यास करायची आणि रुसली की माझ्याच खाली लपायची. पाहुणे आले की आधी माझं कौतुक व्हायचं, मग तिचं. आत्या तर दरवेळी तिचा गाल ओढून म्हणायची, "नाक बघा, अगदी माझ्या भावाचं!" सुतार कसनुसा हसायचा आणि वाढायला उठायचा.

भिंगरी मोठी झाली. मुलांना पोहायला शिकवू लागली. तलावावरच्या मैत्रिणींनी गंमत म्हणून लाळेची तपासणी करून घेतली. आपले पूर्वज कुठले आणि कोणाशी रक्ताचं नातं जुळतं, ते त्यातून कळतं म्हणे. तिनेही नळी भरून पाठवली. पुढे एका सकाळी ती नाश्ता करत असताना फोनवर निरोप आला. दूरच्या गावातल्या एका नर्सने लिहिलं होतं, "आपले वडील एकच आहेत असं दिसतंय. बोलू या का?"

भिंगरी खो खो हसली. "बाबा, ऐक! तुझी आणखी एक मुलगी निघालीय."

तिला वाटलं, तोही हसेल. पण सुताराच्या हातातला कप माझ्यावर कलंडला.

"तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला.

आईने फडकं आणलं आणि मी कोरडं झालं तरी ती पुसतच राहिली. शेवटी तीच बोलली. त्यांना मूल होत नव्हतं. डॉक्टरांनी एका अनोळखी दात्याची मदत घेतली होती.

"आणखी कोणाला माहीत आहे?" भिंगरीने विचारलं.

"आत्याला. दवाखान्यात तीच सोबत यायची."

"आत्याला? आणि तरी ती माझं नाक..." तिने ताट सरकवलं. "म्हणजे सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं."

ती बॅग भरून घराबाहेर निघाली, तेव्हा सुतार ती बॅग घ्यायला पुढे झाला. बापाला जन्मभर 'अरे' म्हणणारी ती मुलगी म्हणाली, "तुम्ही येऊ नका." त्या 'तुम्ही'ने तो दारातच थांबला.

त्यानंतर माझ्यावर कोणी जेवेना. नवरा-बायको ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास खात. माझ्यावर धूळ साचली, रद्दी चढली. मग एक दिवस भिंगरी टेम्पो घेऊन आली. "हे माझ्यासाठी केलं होतं ना? मग मला द्या."

तिच्या नव्या खोलीत नर्स पहिल्यांदा आली, तेव्हा दोघी माझ्या दोन बाजूंना अवघडून बसल्या. मग नर्स म्हणाली, "माझ्या आईला डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं होतं, हा दाता दुसऱ्या कुणासाठी नाही."

"माझ्याही आईला," भिंगरी म्हणाली.

दोघी मिळून बाकीच्या भावंडांना शोधू लागल्या. एक भाऊ सापडला. त्यांनी जपून, शब्द तोलून लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "माझे वडील गेल्या वर्षी वारले. मला दुसरे वडील नकोत आणि बहिणीही नकोत." नर्स ढसाढसा रडली. "त्याला आपल्याकडून कळायला नको होतं गं," भिंगरी एवढंच म्हणाली.

त्या खोलीची फरशी वरखाली होती, त्यामुळे मी डुगडुगायचं. आईकडून कळलं असावं, एका दुपारी सुतार हत्यारं घेऊन दारात उभा राहिला. भिंगरीने त्याला आत घेतलं. त्याने माझा एक पाय तासला, हाताने दाबून पाहिलं आणि हत्यारं पिशवीत भरली. मी आता हलत नव्हतं.

"निघू?" त्याने विचारलं.

मित्रांनो, मला पुसा, पॉलिश करा, ते मला आवडतंच. पण घरातल्या मुलाची गोष्ट त्याच्यापासून लपवू नका. त्याचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नसतात ना, तेव्हाच ती सांगून टाका. परक्या माणसाच्या निरोपातून कळली, तर आधीचे सगळे लाड त्याला खोटे वाटू लागतात. भिंगरीला तसंच वाटलं. ते लाड खोटे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण माझं कोण ऐकणार?

भिंगरीने खुर्ची ओढली.

"बसा," ती म्हणाली. "मी अजून माफ केलेलं नाही. पण सगळं सांगा. अगदी पहिल्यापासून. आणि या वेळी काही गाळू नका."